एरंडेलावर मार्कंड्यापर्यंत

मार्कंड्याला जाऊन आल्यापासून जो भेटतो तो देवळाबद्दल विचारतो. देऊळ सुरेख आहे. कोरीवकाम बघून मान दुखते, आणि वैनगंगा तिथे वळण घेते ती जागा तर बघत बसावी अशी आहे. पण खरं सांगू का? मार्कंडा म्हटलं की माझ्या नाकात आधी एरंडेलाचा वास येतो. तो का येतो हे सांगायचं तर सुरुवात आमच्या ठकीपासून करायला हवी.

ठकी म्हणजे आमची मोटार. एक साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला आणि आमच्या ह्यांनी ती घेतली. हे शाळेत विज्ञान शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी ठकीच्या खाली आडवे असतात. जेवायला हाक मारली की गाडीखालून फक्त पाय हलतात. ‘असली गाडी आता कुणी बनवत नाही’ असं हे आल्यागेल्याला मोठ्या कौतुकानं सांगतात. त्यात कौतुक कसलं, ते मला अजून कळलेलं नाही.

ही म्हातारी गाडी घेऊन पुण्याहून थेट चांदा जिल्ह्याच्या जंगलात जायचं ठरलं ते आमच्या सासूबाईंमुळे. त्या मूळच्या पोंभुर्ण्याकडच्या. सासरे जंगलखात्यात होते, चांद्याकडे बदली असताना लग्न झालं, आणि परकरात असलेली ही मुलगी पुण्याला आली ती पुण्याचीच झाली. आता इतकी पक्की पुणेरी, की भाजीवालीसुद्धा त्यांच्याशी बोलताना दोनदा विचार करते. माहेरी उरलेली एक धाकटी बहीण, गोदामावशी. लहानपणी दोघी बहिणी दर शिवरात्रीला वडिलांच्या बैलगाडीतून मार्कंड्याच्या यात्रेला जात. मावशींनी पुढेही कधी यात्रा चुकवली नाही. मग एका पावसाळ्यात त्या तलावाच्या पाळीवरून घसरल्या, कंबरेचं हाड मोडलं आणि ते नीट बसलंच नाही. काठी धरून खाटेपासून दारापर्यंत येतात, पण बैलगाडीत बसवलं की पहिल्या धक्क्याला किंचाळतात. यात्रा सुटली.

दिवाळीत त्यांचा मुलगा नामदेव आमच्याकडे आला होता. त्याच्याबरोबर मावशींनी निरोप धाडला होता, "बाईले सांग, तुमची मोटार घेऊन ये, त मी मार्कंड्याले येतो." बाई म्हणजे थोरली बहीण, आणि तिकडे बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात. निरोप उघड उघड थट्टेचा होता. नामदेव हसला, मी हसले, हेही हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

"बाळू, शिवरात्रीला ठकी पोंभुर्ण्याला न्यायची," त्या ह्यांना म्हणाल्या.

ह्यांनी रस्ते सांगितले, टायर सांगितले, पेट्रोल कुठे मिळेल आणि कुठे मिळणार नाही ते सांगितलं.

"मी विचारत नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

चांद्याच्या पुढे

पुण्यापासून चांद्यापर्यंतचा प्रवास मी सांगत नाही. धूळ होती, पंक्चरं होती, आणि मधला बराचसा भाग आम्ही नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हतो. चांद्याच्या तटाच्या वेशीतून बाहेर पडलो आणि मग मात्र डोळे उघडले. पळस ऐन फुलात होता. आमच्याकडे पळस म्हणजे माळावरचं एखादं झाड, इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता शेंदरी रंग. मध्ये साग, मध्ये बांबूची बेटं, आणि जरा मोकळं झालं की धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची खाचरं, आणि एखादा तलाव. धान कधीच कापून झालं होतं, त्याच्या खुंटांमध्येच लाखोळीचं कडधान्य उभं होतं.

एका वळणावर बोरं विकणारी बाई बसली होती म्हणून हे थांबले. तेवढ्यात मागून आवाज आला, "काऊन वं बाई, बोरं आंबट त नाईत ना?"

मी चमकून मागे पाहिलं. मागच्या सीटवर सासूबाईंशिवाय कोणी नव्हतं.

"काय बघतेस?" त्या मला म्हणाल्या, अगदी शुद्ध पुणेरीत. मग पुन्हा खिडकीतून वाकल्या आणि त्या बाईशी मले-तुले सुरू झालं ते थांबेचना. कुणाची कोण, कुठल्या गावची, यात्रेले जाणार का नाई. लग्न होऊन मला वीसेक वर्षं झाली, पण ह्या बाईंना मी पहिल्यांदाच भेटत होते. आणि मला त्या आवडल्या, हेही सांगून टाकते.

काळा दगड

पोंभुर्णा मागे पडलं. मावशींच्या गावची झाडं दिसायला लागली आणि आडवा एक कोरडा नाला आला. हे गाडी थांबवून खाली उतरायला लागले.

"उतरतोस कशाला? रोज बंड्या जातात इथून," सासूबाई मागून म्हणाल्या. बंडी म्हणजे त्यांच्याकडची बैलगाडी. "चल लवकर, गोदी वाट बघत असेल."

बंडीची चाकं पुरुषभर उंच असतात आणि ठकीचं पोट जमिनीपासून वीतभर, हे त्या क्षणी कुणालाच सुचलं नाही. नाल्यातल्या एका काळ्या दगडाला खालून असा टोला बसला की माझी बत्तिशी वाजली. गाडी तशीच चढ चढून वर आली आणि थांबली. गिअरची दांडी ह्यांच्या हातात लुळी पडली होती.

हे खाली सरपटत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा काळा आणि त्याखाली पांढरा.

"पेटी तडकली," हे म्हणाले. गिअरची चाकं ज्या ओतीव बिडाच्या पेटीत फिरतात ती पेटी. तिला खालपासून वरपर्यंत तडा गेला होता आणि आतलं सगळं तेल नाल्याच्या वाळूत जिरत होतं.

"दुरुस्त होईल?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, बीड जोडणारा माणूस नागपूरला. तिथे नेऊन आणेपर्यंत यात्रा उठलेली असेल."

 सासूबाई गावच्या झाडांकडे बघत राहिल्या. मला त्यांचं हे बघणं मुळीच बरं वाटलं नाही.

नामदेव बैलजोडी घेऊन आला आणि ठकीला ओढत गावात नेलं. सासूबाई मागच्या सीटवर ताठ बसून होत्या. मावशी अंगणात खाटेवर बसल्या होत्या. अंगानं काडी, पण डोळे भारी मिस्कील. मोटार दारात येईपर्यंत त्यांनी धीर धरला.

"बाई," मावशी म्हणाल्या, "मोटार आणतो म्हनलीस, अन् बैल जुपून आणलीस का वं?"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि रडता रडता हसल्या, आणि आम्ही सगळे उगाच ठकीकडे बघत उभे राहिलो.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी आणि जवसाची चटणी. आमच्याकडे भात आधी थोडा, शेवटी थोडा. इथे आधी भात, मग भात, आणि शेवटी ‘थोडा भात घ्या’. ह्यांनी पोळीची चौकशी केली तर नामदेवच्या बायकोनं काळजीनं विचारलं, "काऊन जी, बरं नाई वाटून राह्यलं का?" चटणी इतकी तिखट की माझ्या कानातून वाफा निघाल्या, तरी मी ती दुसऱ्यांदा मागून घेतली.

सोमा लोहार

सकाळी ह्यांनी आणि नामदेवनं मिळून ठकीची पेटी खाली उतरवली. आतली चाकं आणि दांडे काढून परातीत ठेवले. नामदेवच्या बायकोला आपली परात ओळखूच येईना. मग सोमा लोहार आला. सोमा म्हणजे भरदार मिशांचा आणि त्याहून भरदार तोंडाचा माणूस. त्यानं पेटी उलटीपालटी केली, तड्यावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "हे त फुटक्या चाकासारखं हाये. धाव चढवू."

"काय चढवू?" मी विचारलं.

सोमानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला शाळेत उशिरा गेल्यासारखं वाटलं. बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती जी लोखंडी पट्टी असते ती धाव. ती चाकापेक्षा जराशी लहान करायची, भट्टीत लाल करायची, की ती फुगते. लाल असतानाच चाकावर बसवायची. गार झाली की आवळते आणि सगळं चाक मुठीत धरल्यासारखं घट्ट धरते.

"मी धाव चढवली ना मास्तर, त बैल म्हातारा होते, पण धाव निघत नाई," सोमा म्हणाला.

हे एकदम उभे राहिले. "अहो, शंभर टक्के बरोबर! पेटी मागच्या बाजूला निमुळतीच आहे, तिकडून पट्टा सरकवायचा. तडा आपोआप मिटेल!" त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. खाटेवर दोघी बहिणींनी एकमेकींचा हात धरला.

मग दिवसभर दोघांचं भांडण चाललं. पट्टा किती लहान करायचा यावर हे दोरीनं माप घ्यायचे, सोमा म्हणायचा, "अजून तंग पायजे." हे म्हणायचे, तंग केला तर पेटीच फुटेल. कधी ह्यांचं खरं व्हायचं, कधी त्याचं. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं. बीड ठिसूळ असतं. तापलेल्या बिडाला गार पाणी लागलं की संपलं. त्यामुळे धाव चढवल्यावर तिला आपली आपण गार होऊ द्यायची, थेंबभर पाणी लावायचं नाही. "ठाऊक हाये, ठाऊक हाये," सोमा म्हणाला, आणि एवढ्या मोठ्या मुद्द्यावर पटलं म्हणून दोघेही भलते खूश झाले. ही गोष्ट बायकांना सांगावी असं मात्र दोघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिलं पाणी

आता तिकडची एक रीत सांगायला हवी. गावात कुणाच्या चाकाला धाव चढायची म्हणजे तो एक छोटा सणच असतो. लाल पट्टी लाकडावर बसली की लाकूड धुमसायला लागतं, म्हणून सगळ्या बायका आधीपासून घागरी भरून गोल उभ्या राहतात आणि पट्टी बसल्याबरोबर धो धो पाणी घालतात. पहिलं पाणी ज्याची बंडी त्याच्या घरच्या बाईचं. तिनं घातलं की मग बाकीच्यांचं. सोमा मोटारीले धाव चढवणार, ही बातमी तोवर गावभर झाली होती. कुणीही न बोलावता सकाळी बायका घागरी घेऊन हजर. जरीच्या काठाची लुगडी नेसून आल्या होत्या दोघी-तिघी. ह्यांची आणि सोमाची डोकी भट्टीपाशी, त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

मीही हौसेनं एक कळशी उचलली. सासूबाईंनी हातानंच मला थांबवलं.

"तू नको सुधा. पहिलं पाणी घरच्या बाईनं घालायचं असतं."

मी कळशी खाली ठेवली. हे त्यांचं माहेर, मान त्यांचा, सगळं कबूल. पण मला लागलं. इतकी वर्षं ज्यांच्या चुलीपुढे उभी आहे त्यांच्या तोंडून ‘घरची बाई’ हा शब्द असा ऐकला की लागतंच.

सोमानं सांडशीनं लालबुंद पट्टा उचलला. हे पेटी धरून होते. पट्टा मागून सरकला, सोमानं इकडून तिकडून हलके घाव घातले आणि तो नेमका तड्यावर जाऊन बसला. मी पैज मारून सांगते, तड्याची रेघ डोळ्यांदेखत बारीक झाली. हे आनंदानं ओरडले.

आणि सासूबाई पुढे झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पुण्याचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. "वता वं!" म्हणाल्या, आणि भरला तांब्या पट्ट्यावर ओतला.

टण्!

एवढासा आवाज. पण तो ऐकल्यावर उरलेल्या घागरी जागच्या जागी थांबल्या. सोमाच्या हातातून सांडशी गळली. वाफ विरली तेव्हा दिसलं, तडा पट्ट्याच्या बाहेर पळत पेटीच्या कडेपर्यंत गेला होता.

 सासूबाई रिकामा तांब्या धरून उभ्या होत्या. ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना सगळं समजलं. त्या वळल्या आणि घरामागे निघून गेल्या.

मी मागोमाग गेले. धानाच्या तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगाला टेकून त्या उभ्या होत्या.

"हात आपोआप गेला गं," त्या म्हणाल्या. "विचारच केला नाही मी. बाबांच्या बंडीला असंच घालायचो आम्ही दोघी. गोदीचं जाणं मी मोडलं, सुधा. माझ्या हातानं मोडलं."

पुण्यात ह्या बाईंना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हासुद्धा दार लावून घेतलं होतं त्यांनी. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. माझा मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात अंगणातून मावशींचा आवाज आला. "बाई! तिकडं काय करून राह्यलीस? लहानपनीबी माह्या हातची घागर हिसकून पयली तूच वतत होतीस. नवं काय केलंस त्यात? ये इकडं!"

सासूबाईंना रडता रडता हसू फुटलं.

कोंड्याचा ढीग

अंगणात वेगळंच नाटक चाललं होतं. हे म्हणत होते, "तुम्ही बायकांना सांगायचं होतं." सोमा म्हणत होता, "माय तुमची हाये का माझी?" मावशी खाटेवरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"झालं का भांडून?" त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. आमच्या इथी बाळंतिणीच्या खोलीत धानाच्या कोंड्याची शेगडी ठेवते. सकाळपर्यंत ऊब जात नाई. त्या पेटीले तशी ऊब द्या ना बाप्पा. एकदम गरम नाई, एकदम थंड नाई."

हे बोलायचे थांबले. सोमा मिशीवरून हात फिरवायचा थांबला. मग दोघं एकाच वेळी बोलायला लागले. सगळी पेटीच कोंड्यात सारखी तापवायची, तशीच गरम असताना पट्टे चढवायचे, आता एक नाही, दोन. आणि पुन्हा कोंड्यात पुरून ठेवायची, म्हणजे पेटी आणि पट्टे बरोबरीनं गार होतील. ह्यांनी त्याचं कारण शाळेत सांगतात तसं सांगितलं. मावशींना ते ऐकायची मुळीच इच्छा नव्हती.

पहिला पट्टा सोमानं कापून काढला, दोन नवे केले आणि कोंड्यात तापलेल्या पेटीवर चढवले. पेटी पुन्हा कोंड्याच्या धुमसत्या ढिगात गेली. सासूबाई ढिगाशेजारी पाट टाकून, हातात काठी घेऊन बसल्या. पाणी घेऊन जाणारी कुणीही बाई त्या बाजूनं आली की काठी वर. एक कोंबडी पाण्याच्या वाडग्यात पाय बुडवून आली, तिलाही हाकललं. मी त्यांना प्यायला पाणी घेऊन गेले तर ओरडल्या, "लांबून! लांबूनच दे!"

दुसऱ्या दिवशी शिवरात्र होती. गावातल्या बंड्या पहाटेच यात्रेला गेल्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज कितीतरी वेळ येत होता. मावशी ऐकत होत्या. यात्रा नंतरही काही दिवस असते, त्यामुळे सगळंच हुकलं नव्हतं. पण ह्या दिवशी पोचायचं म्हणून तर पुण्याहून निघालो होतो. आम्ही उकडलेले शिंगाडे आणि रताळी खाल्ली आणि कोंड्याच्या ढिगाकडे बघत बसलो. असली शिवरात्र मी जन्मात केली नव्हती.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ढीग उकरला. सोमानं पेटी हातात घेतली आणि तिच्यावर हातोडीनं एक बारीक टिचकी मारली. सगळे श्वास धरून. खणखणीत आवाज निघाला. आदल्या वेळी ती फुटक्या मडक्यासारखी वाजत होती.

"बोलली!" सोमा म्हणाला, आणि जणू पेटी त्यानं जन्माला घातली अशा थाटात सगळ्यांकडे पाहिलं.

तड्याची बारीक रेघ उरली होती तीत लाख वितळवून भरली. जंगलातल्या गोंडांच्या पाड्यावरची एक बाई बाजाराला लाख घेऊन निघाली होती, तिनं ती दिली. मोटारीच्या पोटात लाख भरतात हे पाहून ती इतकी हसली की टोपली खाली ठेवून बसलीच. चाकं आत घालून पेटी परत गाडीला बसवली. राहता राहिलं तेल. गिअरला दाट तेल लागतं आणि ते तर नाल्यानं प्यालं होतं. नामदेव म्हणाला, बंडीच्या आसाले आम्ही एरंडेल घालतो. मग घराघरातून एरंडेल आलं. कुणाकडचं बंडीचं, कुणाकडचं दिव्याचं, आणि एका म्हातारबांनी स्वतःच्या पोटाचं दिलं. ते सगळं ठकीच्या पोटात गेलं. हे आता गाडी सुरू करणार तोच नामदेवची बायको नाकाला पदर लावत म्हणाली, "जुलाब होतीन जी तिले."

नदीपर्यंत

मागच्या सीटवर गोधड्यांची रास, तीत मावशी, त्यांना धरून सासूबाई. पुढे हे, मी, आणि सोमा. सोमाला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो बसला आणि कान गाडीच्या तळाला लावून वाकून राहिला. नामदेव बंडी घेऊन पुढे गेला होता. त्याच्या बंडीत एक खाट उलटी टाकलेली होती.

तो काळा दगड नाल्यातून कुणीतरी काढून टाकला होता आणि जागेवर तणस पसरलं होतं. तरी ठकी खाली उतरताना आम्ही सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी पदर दातात धरला होता. गाडी वर आली. मावशींनी पदर सोडला.

"बाळू," त्या म्हणाल्या, "जरा जोरात हाक ना रे. बैलंबी याच्यापेक्षा जोरात जाते."

"सोमाभाऊ, काय म्हणते पेटी?" ह्यांनी विचारलं.

"बोलून राह्यली, पण रडून नाई राह्यली," सोमा खालूनच म्हणाला.

रस्ता असा नव्हताच, चाकोरी होती. ऐनाच्या झाडांमधून, बांबूंमधून, एका तलावाच्या पाळीवरून. गाडी तापली तसा एरंडेलाचा वास इतका पसरला की वाटेतले लोक नाक धरून बाजूला व्हायचे. मावशी त्यांना खिडकीतून हात करत होत्या. ओळखीचं कुणी दिसलं की सांगत होत्या, "मार्कंड्याले जाऊन राह्यलो! मोटारीत!" त्यांना कंबर दुखत होती, चेहऱ्यावर दिसत होतं. पण किंचाळल्या एकदाही नाहीत.

झाडी संपली आणि समोर नदी. एवढं मोठं पात्र, त्यात अर्धी वाळू आणि अर्धं निळं पाणी, आणि पलीकडच्या काठावर काळसर दगडाची शिखरं. यात्रेचा कल्ला पाण्यावरून ऐकू येत होता. यात्रा अजून भरलेली होती. गाडी थांबली.  मावशींनी गाडीतूनच हात जोडले आणि मग सासूबाईंच्या दंडाला एक चिमटा काढला.

त्यानंतर खाटेवरून, होडीसारख्या डोंग्यातून, वाळूतून आम्ही त्यांना पलीकडे नेलं. मावशींनी पिंडीवर कपाळ टेकवलं आणि मग यात्रेत जिलबी खाल्ली. ते सगळं रीतसर झालं. पण त्याआधी अलीकडच्या काठावर जे झालं तेवढं सांगून थांबते.

नामदेवनं आणि सोमानं मावशींना खाटेवर बसवून पाण्याच्या कडेला नेलं. मी मागे गोधड्या गोळा करत होते. एवढ्यात सासूबाई नदीत वाकल्या, तांब्या भरून घेतला आणि ताठ चालत वाळूतून वर यायला लागल्या. ह्यांनी ते पाहिलं मात्र, आणि हातातलं सगळं टाकून धावत जाऊन ठकीच्या पुढे हात पसरून उभे राहिले.

"आई! नको! पाया पडतो! अजून गरम आहे!"

सोमा ओरडला, नामदेव ओरडला, काठावरचे यात्रेकरूही काय झालं म्हणून ओरडले.

"सरक रे," सासूबाई ह्यांना म्हणाल्या. "तुझ्या गाडीला कोण विचारतंय." आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला. गार होता.

"चल सुधा," त्या म्हणाल्या. "गोदीच्या पायावर घाल. देवाला जायच्या आधी पाय धुवायला हवेत."

"मी? तुम्ही घाला ना आई. तुमची बहीण."

"पयलं पानी घरची बाई घालते," त्या म्हणाल्या. ही भाषा आजवर त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "काऊन, तू घरची नाईस का?"

 मावशींनी खाटेवरून दोन्ही पाय पुढे केले होते आणि डोळे मिटले होते.

"वत वं सूनबाई," त्या म्हणाल्या. "लवकर वत. नाई त बाई हिसकून घेईन."

मी पाणी घातलं.